अ‍ॅश्ले डाउनचीं पांच घरें

इंग्लंडच्या पश्चिमेस एव्हन नदीच्या कांठीं ब्रिस्टल नांवाचें एक जुनें बंदर आहे. माझी कन्या व जांवई नोकरीनिमित्त तेथें राहतात. त्यांच्या आग्रहावरून गेल्या उन्हाळ्यांत दोन महिने त्या गांवीं राहण्याचा योग आला. परदेशांतून परत आलेल्या मनुष्यानें पूल, प्रार्थनामंदिरें आणि पुतळे ह्यांचें वर्णन करावें अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ब्रिस्टलमध्यें ह्यांपैकीं कशाचीच वाण नाहीं. परंतु ह्या लेखांत मी ज्या स्थळाची ओळख करून देणार आहें तें प्रवाशांच्या यादींत सहसा आढळत नाहीं. शहराच्या उत्तर भागीं अ‍ॅश्ले डाउन म्हणून एक चढावरची वस्ती आहे. तेथें उभीं असलेलीं पांच दगडी घरें हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

तीं घरें मीं प्रथम पाहिलीं तीं क्रिकेटच्या मैदानावरून. आमच्या जांवयांना ह्या खेळाचा नाद आहे. ग्लॉस्टरशायर परगण्याचा सामना दाखविण्यासाठीं ते मला घेऊन गेले. मैदानालगत करड्या दगडाच्या उंच इमारती दिसत होत्या. खिडक्यांच्या सरळ रांगा, नक्षीचें नांव नाहीं. "हा तुरुंग कीं गिरणी?" असें मीं विचारलें. जांवई म्हणाले, "दोन्ही नव्हे, बाबा. हीं म्युलरचीं अनाथगृहें. आतां तेथें कांहीं भागांत कॉलेज आहे, कांहीं भागांत बिऱ्हाडें आहेत."

ह्याच मैदानावर २३ मे १९९९ रोजीं सचिन तेंडुलकर ह्यांनीं केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा काढल्या होत्या. त्यांचे वडील, मराठीचे प्राध्यापक व कवि रमेश तेंडुलकर, त्याच्या चारच दिवस आधीं निवर्तले होते. पित्याचे अंत्यविधि उरकून मुलगा परत येऊन खेळण्यास उभा राहिला, आणि शतक पुरें होतांच त्यानें आकाशाकडे पाहिलें. तें दृश्य आम्हीं घरीं दूरचित्रवाणीवर पाहिलें होतें, आणि माझ्या पत्नीनें पदरानें डोळे पुसले होते. त्या मैदानाशेजारीं शंभर वर्षांहून अधिक काळ आईबापांवांचून वाढणारीं हजारों मुलें राहून गेलीं, हें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें.

'अनाथ' हा शब्द कानीं पडला कीं मला आमच्या वाईच्या घरांतील नानाकाकांची आठवण होते. त्यांच्याविषयीं पुढें लिहावयाचें आहे. किंबहुना त्यांच्यामुळेंच त्या घरांचा इतिहास समजून घेण्याची ओढ मला लागली. दुसऱ्या दिवशीं मुलीला बरोबर घेऊन मी पुन्हां तिकडे गेलों. अ‍ॅश्ले डाउनचें रेल्वे स्टेशन अनेक वर्षें बंद होतें, तें सन २०२४ मध्यें पुन्हां उघडलें आहे. तेथून चढण चढून गेलें कीं इमारती समोर येतात.

ज्या गृहस्थानें हीं घरें बांधलीं त्याचें नांव जॉर्ज म्युलर. हा जन्मानें इंग्रज नव्हे. सन १८०५ मध्यें २७ सप्टेंबर रोजीं प्रशियांतील क्रोपेनस्टेट ह्या गांवीं त्याचा जन्म झाला. त्याचें तरुणपण कोणत्याही आईबापांस अभिमान वाटावा असें नव्हतें. वडिलांचे पैसे त्यानें चोरले; सोळाव्या वर्षीं खाणावळीचें बिल बुडविल्याबद्दल त्यास कांहीं आठवडे तुरुंगांत काढावे लागले. पुढें हॅले येथील विद्यापीठांत शिकत असतां एका घरगुती प्रार्थनासभेंत त्याच्या मनाचा पालट झाला. त्याच गांवीं फ्रांके नांवाच्या धर्मगुरूनें सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन केलेलें एक मोठें अनाथालय होतें. गरीब विद्यार्थी म्हणून म्युलर तेथें दोन महिने फुकट राहिला. परक्याच्या अन्नावर काढलेले हे दोन महिने त्यानें पुढें सत्तर वर्षें विसरले नाहींत असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सन १८२९ मध्यें तो इंग्लंडांत आला आणि १८३२ पासून ब्रिस्टलमध्यें स्थायिक झाला. तेथें तो 'ब्रदरेन' म्हणजे बंधुमंडळ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळींपैकीं एक होता. हे लोक एकमेकांस बंधु व भगिनी म्हणत. पुरोहितवर्ग असा वेगळा मानीत नसत. म्युलरनें तर उपदेशकाचा ठराविक पगार घेण्याचेंही सोडून दिलें होतें. सभागृहांत एक पेटी असे, तींत ज्याला जें वाटेल तें त्यानें टाकावें.

सन १८३५ च्या अखेरीस त्यानें अनाथ मुलांसाठीं घर काढण्याचा संकल्प सोडला. पैसा, जागा, भांडींकुंडीं व सेवक ह्यांसाठीं त्यानें देवाची प्रार्थना केली. तीं सर्व मिळालीं. मग अर्ज घेण्याचा दिवस जाहीर करून तो बसला, तों एकही अर्ज आला नाहीं! तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं आपण सर्व कांहीं मागितलें, परंतु मुलें मागण्याचें विसरलों. ही गोष्ट त्यानें स्वतःच लिहून ठेविली आहे. आपली फजिती मोकळेपणानें सांगणाऱ्या मनुष्याविषयीं मला नेहमींच विश्वास वाटतो.

लवकरच मुलें आलीं. १८३६ च्या एप्रिलांत विल्सन स्ट्रीटवरील भाड्याच्या घरांत पहिलें अनाथगृह उघडलें, तें मुलींसाठीं. हळूहळू त्याच रस्त्यावर चार घरें झालीं. १८४५ मध्यें एका शेजाऱ्यानें सभ्यपणें पत्र लिहून मुलांच्या गलबल्याची तक्रार केली. म्युलरनें ती रास्त मानली व गांवाबाहेर अ‍ॅश्ले डाउनवर जमीन घेतली. तेथील पहिलें घर १८४९ मध्यें ३०० मुलांसाठीं उघडलें आणि पांचवें १८७० मध्यें. पांचही घरें मिळून २,०५० मुलांची सोय झाली. बांधकामास एक लाख पौंडांहून अधिक खर्च आला. म्युलरच्या हयातींत ह्या घरांतून दहा हजारांवर मुलें वाढलीं.

आतां ह्या कामाचा विशेष सांगतों. म्युलरनें कोणाही मनुष्याजवळ कधीं पैसा मागितला नाहीं आणि कधीं कर्ज काढलें नाहीं. वर्गणीदारांची यादी नाहीं, घरोघर फिरणारे प्रतिनिधि नाहींत. कोणी आपण होऊन विचारलें कीं सध्यां तुम्हांस किती गरज आहे, तरीही तो उत्तर देत नसे. गरज काय ती देवास सांगावयाची. सकाळीं मुलें रिकाम्या ताटांपुढें बसलीं असतां दाराशीं पाववाला व दूधवाला येऊन उभे राहिल्याची एक आख्यायिका तिकडे घरोघर सांगतात.

परंतु मला त्या आख्यायिकेहून त्याच्या हिशोबाच्या वह्यांचें अधिक महत्त्व वाटतें. आलेल्या पैशांपैकीं प्रत्येकाची पावती दिली जाई, मग तो अर्धा पेनी कां असेना. दरवर्षीं अहवाल छापला जाई. त्यांत देणगी असे, देणाऱ्याचें नांव नसे. कांहीं टीकाकार म्हणत कीं हा अहवाल हीच मागणी होय. हा आक्षेप निर्बुद्ध नाहीं. म्युलरलाही तो जाणवला असावा. कारण १८४१ च्या अखेरीस जेव्हां संस्थेंत अत्यंत टंचाई होती, नेमका तेव्हां त्यानें अहवाल व वार्षिक सभा पुढें ढकलली. लोकांस ती याचना वाटूं नये म्हणून. लाखों पौंड ज्याच्या हातून गेले त्या मनुष्याची मृत्यूनंतर निघालेली खासगी मालमत्ता दोनशे पौंडांच्या आंतच होती.

आंतील व्यवस्था शिस्तीची होती. मुलगे आणि मुली वेगळ्या विभागांत, गणवेष एकसारखा, सर्व कामें घंटेवर. मुलांस लिहिणें-वाचणें व हिशोब चांगला येई. मुलगे चौदाव्या वर्षाच्या सुमारास एखाद्या धंद्यांत उमेदवार म्हणून लागत; मुली सतराव्या वर्षापर्यंत राहून बहुधा घरकामाच्या नोकरीस जात. निघतांना प्रत्येकास कपड्यांची पेटी व बायबल मिळे. त्या काळीं उलट तक्रार अशी होती कीं हा मनुष्य गरिबांच्या मुलांस त्यांच्या पायरीहून वर शिकवितो व गिरण्यांचे मजूर पळवितो!

ह्याचा अर्थ तेथें सर्व उत्तमच होतें असा नव्हे. तीनशें-साडेचारशें मुलें एका छपराखालीं असलीं कीं पोट भरतें, पण प्रत्येकास वेगळी मांडी कोठून मिळणार? आजच्या बालसंगोपनशास्त्रानें अशा मोठ्या घरांचा मार्ग सोडला आहे. खुद्द ह्या संस्थेनेंही मुलांस लहान घरांत वांटून ठेवण्याचा मार्ग धरला आणि १९५८ मध्यें पांचही इमारती विकल्या. शिवाय म्युलरनें आरंभीं घातलेली अट अशी कीं मूल औरस असावें आणि त्याचे आईबाप दोन्ही मेलेले असावेत. म्हणजे ज्याचा जन्म समाजाला मान्य नाहीं असें सर्वांत निराधार मूल दाराबाहेर. हें वाचतांना मला आपल्याकडील एका गोष्टीचें स्मरण झालें. १८६३ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं पुण्यांत अशाच मुलांसाठीं व त्यांच्या मातांसाठीं घर उघडलें, आणि पुढें जो मुलगा दत्तक घेतला तो एका ब्राह्मण विधवेचा होता. आमच्या जातीनें टाकलेलें मूल त्यांनीं उचललें. पंढरपुरासही प्रार्थनासमाजाच्या मंडळींनीं १८७५ मध्यें तसलेंच काम आरंभिलें. ह्या एका बाबतींत आपले लोक म्युलरच्या पुढें होते.

ब्रिस्टलमध्यें दातृत्वाची दुसरीही एक कथा ऐकण्यास मिळते. एडवर्ड कोल्स्टन नांवाच्या व्यापाऱ्यानें तेथें शाळा व धर्मशाळा काढल्या. १८९५ मध्यें त्याचा पुतळाही उभारला गेला. परंतु त्याच्या संपत्तींत आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापाराचा मोठा हिस्सा होता. ७ जून २०२० रोजीं लोकांनीं तो पुतळा ओढून पाडला व बंदरांत लोटला. दानधर्माची वही उघडली कीं जमेच्या बाजूकडेही पाहावें लागतें; लोकांनीं ती बाजू सव्वाशें वर्षांनीं वाचली, इतकेंच.

म्युलरच्या उदाहरणाचा एक धागा थेट आपल्या पुणें जिल्ह्यापर्यंत येतो. पंडिता रमाबाई ह्या स्वतः अनाथ झालेल्या होत्या; १८७४ मध्यें दुष्काळाच्या वणवणींत त्यांचे आईबाप गेले. १८८४ ते १८८६ ह्या काळांत त्या ब्रिस्टलपासून फार दूर नसलेल्या चेल्टनहॅम येथें राहत होत्या. म्युलरच्या कार्याचें पुस्तक वाचून, असा भरंवसा हिंदुस्थानांत टाकतां येणार नाहीं काय, हा विचार आपल्या मनांत आला असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों मुली उचलून आणल्या व केडगांवीं 'मुक्ति' उभें राहिलें. धर्मांतराच्या प्रश्नावर आपल्या समाजानें त्यांच्याशीं जो वाद केला तो अगदींच निराधार नव्हता. १८९३ मध्यें अनेक घरांनीं आपल्या मुली शारदासदनांतून काढून नेल्या, त्याचीं कारणें होतीं. परंतु रस्त्याच्या कडेला उपाशी बसलेल्या ज्या मुली त्यांनीं उचलल्या, त्यांना नेण्यासाठीं आमच्यापैकीं किती घरांच्या बैलगाड्या जुंपल्या गेल्या होत्या, हाही प्रश्न त्याच वादाच्या वहींत लिहिलेला पाहिजे.

त्याच १८९६ सालीं अण्णासाहेब कर्वे ह्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली. त्यांची रीत अगदीं उलट. ते गांवोगांव हिंडले, दारोदार गेले, आणा-दोन आणे देणाऱ्यासही त्यांनीं नमस्कार केला. १९०९ मध्यें पुण्यांत निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचीं मुलें माधुकरीची झोळी घेऊन पेठांतून फिरत. एकानें कोणापाशींच मागावयाचें नाहीं असा नेम केला, दुसऱ्यानें मागण्याचा संकोच सोडला. मला दोघेही सारखेच वंदनीय वाटतात. दोघांनींही मुलांच्या वतीनें ओझें आपल्या शिरावर घेतलें. तें मुलांच्या शिरावर ठेविलें नाहीं.

येथें मला नानाकाका आठवतात. ते माझ्या वडिलांचे आतेभाऊ. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत त्यांचे आईबाप एका आठवड्यांत गेले, आणि सहा वर्षांच्या पोराला माझे आजोबा, म्हणजे त्याचे मामा, वाईच्या वाड्यांत घेऊन आले. 'आमच्या घराण्यांतलें मूल कधीं अनाथाश्रमांत गेलें नाहीं,' असें आमच्याकडे अभिमानानें सांगत. तें खरेंही होतें. नाना आमच्याच पंक्तीला जेवले, आमच्याच शाळेंत शिकले, पुढें मामलेदार कचेरींत कारकून झाले. ते दर महिन्यास आजीच्या नांवें मनिऑर्डर करीत. काय हें प्रेम, असें सर्व म्हणत. मी लहान असतांना त्यांच्या शेजारीं पानावर बसत असें. त्यांनीं कोणताही पदार्थ दुसऱ्यांदा मागितलेला मीं कधीं पाहिला नाहीं. श्रीखंड असो वा पिठलें, वाढपी येण्याआधींच त्यांचा हात पानावर आडवा असे. आम्हांला वाटे, काका मिताहारी आहेत.

१९७९ मध्यें ते वारले. त्यांच्या ट्रंकेंत धोतरें, पंचांगें व एक जाड वही निघाली. पहिल्या पानावर 'श्री', खालीं 'मामांनीं मजवर केलेला खर्च'. शाळेची फी, पाट्या, सदरे, मुंजीचा खर्च, विषमज्वरांत दिलेलें औषध, सारें आठवून आठवून मोठेपणीं लिहून काढलेलें. समोरच्या बाजूस मनिऑर्डरी. १९५१ साली 'फेड पूर्ण' असें लिहून रेघ ओढली होती, आणि त्याखालीं एकच ओळ होती: 'मामींच्या हातच्या जेवणाचा हिशोब करतां आला नाहीं.' माझे वडील ती वही घेऊन माडीवर गेले, ते रात्रीं जेवणास खालीं आले नाहींत.

आजोबांनीं पैसे कधीं मागितले नव्हते. पण वाड्यांत दहा माणसें होतीं. 'पोरक्याला आपण पोसलें' हें वाक्य सणावारीं कोणाच्या ना कोणाच्या तोंडून निघत असणारच, आणि सहा वर्षांच्या मुलाचे कान तीक्ष्ण असतात. आम्ही त्याचा हिशोब ठेविला नाहीं म्हणून स्वतःस उदार समजलों. तो त्यानें ठेविला. अ‍ॅश्ले डाउनच्या त्या गिरणीसारख्या घरांत मुलांना मायेची कुशी आमच्या वाड्याइतकीही मिळाली नसेल. परंतु तेथील वही मुलाच्या नांवें नव्हती. देणाऱ्याला पावती मिळे, घेणाऱ्याला बिल मिळत नसे. म्युलर मागत नसे तें भरंवशानें. आमचे नाना मागत नसत तें भरंवसा नसल्यामुळें. न मागण्याचे हे दोन प्रकार, आणि त्यांतला फरक मला वयाच्या सत्तरीस परक्या गांवीं एका दगडी भिंतीपुढें उभें राहिल्यावर कळला.

परत निघण्यापूर्वीं मुलगी मला आर्नोज व्हेल नांवाच्या स्मशानभूमींत घेऊन गेली. तेथें राजा राममोहन राय ह्यांची समाधि आहे. ते २७ सप्टेंबर १८३३ रोजीं ब्रिस्टलमध्यें वारले. तो योगायोगानें म्युलरचा जन्मदिवस. द्वारकानाथ टागोरांनीं १८४३ मध्यें त्यांचा देह ह्या भूमींत आणवून वर आपल्या पद्धतीची छत्री उभारली. फिरंगी क्रूसांच्या गर्दींत ती छत्री पाहून मनास काय वाटतें तें सांगतां येत नाहीं; आम्हीं चपला काढून नमस्कार केला. त्याच भूमींत म्युलरचीही कबर आहे. १० मार्च १८९८ रोजीं तो वयाच्या ९३ व्या वर्षीं वारला, तेव्हां शहरांतील रस्ते माणसांनीं भरून गेले होते. त्याच्या कबरेवरील दगड साधा आहे. तो अनाथगृहांत वाढलेल्या मुलांनीं आपण होऊन दिलेल्या पैशांतून बसविला, असें त्यावर लिहिलें आहे.

मुलीनें विचारलें, "बाबा, नानाआजोबांची ती वही आहे का अजून?" आहे, माझ्या कपाटांत आहे. मीं ती तिला द्यावयाचें ठरविलें आहे.

आपल्या एकत्र कुटुंबांतून आजही एखादा भाचा, एखादी पुतणी, गांवाकडून शिकावयास आलेलें एखादें मूल राहत असतें. त्याला जेवूंखाऊं घालण्यांत आपण कमी करीत नाहीं. वाचक भगिनी-बंधूंस माझी विनंती इतकीच कीं, पंक्तींत त्याचा हात पानावर आडवा झालेला दिसला, तर तो मिताहारी आहे असें एकदम समजूं नये. पुन्हां एकदां विचारावें, आणि वाढावें.